सांध्यातलं पाणी : मंगलोरी कौलापासून रेडिमेड भिंतीपर्यंत

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण बांद्यात पाऊस धरून आहे, लाईट येऊन-जाऊन आहे, म्हटलं हीच वेळ बरी. ज्यांचं कोण ना कोण मुंबईत, नवी मुंबईत नाहीतर पुण्यात नव्या टॉवरमध्ये राहतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. म्हणजे आपण जवळजवळ सगळ्यांनीच.

मुंबईहून ताईचा फोन आला. "भिंत परत पाझरूक लागली रे."

ताईचं घर अकराव्या मजल्यावर. लॉटरीत नंबर लागला तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले होते. भावोजींच्या फंडातले पैसे, वर कर्ज, आणि आईच्या दोन पाटल्या, इतकं त्या घरात गेलंय. इमारत रेडिमेड पद्धतीची, म्हणजे प्रीकास्ट. भिंती कारखान्यात ओतायच्या, ट्रेलरवर घालून आणायच्या, क्रेनने उचलून एकावर एक बसवायच्या. पहिल्या पावसात काही नाही. दुसऱ्या पावसात पलंगाच्या डोक्याशी हाताएवढा ओला डाग. तिसऱ्या पावसात सोसायटीने माणूस आणला, त्याने दोरीवर लटकून बाहेरून सगळे सांधे आणि भोकं बुजवली. चौथ्या पावसात डाग हाताएवढा नाही, दरवाजाएवढा. कोणी बांधली, कोणी दुरुस्त केली, ती नावं इथे नको. मला त्या डागाच्या मागचा इतिहास सांगायचाय. कारण तो शोधायला बसलो आणि फिरून आमच्याच घराच्या वळचणीखाली येऊन पोचलो.

आधी आपलं बघू. आपल्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. शेजारी आंबोलीत सात हजारांच्या आसपास. पण भिंतीला मारतो तो सरळ पडणारा पाऊस नव्हे, झड मारते. वाऱ्याबरोबर आडवी येते ती झड. आणि आपला चिरा काय लोखंड नव्हे. खाणीत मऊ, हवा लागली की कडक होणारा हा जांभा दगड. बुकानन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात तो बघून १८०७ साली त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून. त्याला भोकं असतात, तो पाणी पितो. दोन चिऱ्यांमधली दर्ज मातीने नाहीतर चुन्याने भरलेली. म्हणजे भिंत पाणी पिणार हे आपल्या जुन्या मेस्त्र्यांनी गृहीतच धरलेलं होतं.

मग त्यांनी काय केलं? भिंतीवर पाणी कमी येईल असं केलं. छप्पर पुढे काढलं, पडवी घातली, जोतं उंच घेतलं. मिरगाच्या आधी वाऱ्याच्या बाजूला विणलेले झाप बांधले. आता झाप नीट बघितला तर त्यातून उजेड दिसतो. तो काही वॉटरप्रूफ नव्हे. पण झडीचा जोर तो स्वतःवर घेतो, पाणी त्याच्यावरून खाली ओघळतं, आणि मागे भिंतीपर्यंत मोकळी हवा राहते. चुकून आत गेलेला शिंतोडा सुकून जातो. आमच्या वाडीतले एक म्हातारे मेस्त्री म्हणायचे, "पाण्याक अडवू नको, तेका वाट दी." लहानपणी मला वाटायचं ते मोरीबद्दल बोलतायत.

दुसरं उदाहरण डोक्यावरचं. मंगलोरी कौल. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. पण अशा खाचेत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट त्याच्या आधी, १८४१ मध्ये, फ्रान्सच्या आल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी घेतलेलं. कौल म्हणजे काय, तर कारखान्यात साच्यातून काढलेला, घरावर आणून बसवायचा तुकडा. एका छपरावर हजारो तुकडे, हजारो सांधे, आणि एकाही सांध्यात सिमेंट नाही, चुना नाही, डांबर नाही. तरी गळत नाही. का? कौलाच्या एका कडेला पन्हळ आहे, शेजारच्या कौलाची कड तिच्यावर बसते. सांध्यातून पाणी आत शिरतंच, पण ते पन्हळीत पडतं आणि उतरून खालच्या कौलाच्या पाठीवर जातं. वरचं कौल खालच्यावर चार बोटं चढलेलं असतं. सांधा उघडाच, फक्त पाण्याला परत बाहेर जायची वाट आधी ठरवून ठेवलेली.

हे लक्षात ठेवा. आता मुंबई-दिल्लीकडे आणि जरा जगात जाऊ.

फाळणीनंतर लाखो निर्वासित दिल्लीत आले. घरं हवीत आणि ताबडतोब हवीत. सरकारने घरांचा कारखानाच काढायचं ठरवलं. त्यामागे होते ओटो क्योनिग्सबर्गर, हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले वास्तुरचनाकार. आधी म्हैसूर संस्थानात होते, नंतर केंद्राचे गृहनिर्माण संचालक झाले. भुवनेश्वरचा आराखडा त्यांचाच. दिल्लीत फेसाळ काँक्रीटच्या हलक्या पाट्या ओतायच्या आणि त्यांची घरं उभी करायची, अशी योजना होती. पाट्यांना तडे गेले, काम फसलं, टीका झाली, आणि १९५१ मध्ये ते लंडनला निघून गेले. त्याच कारखान्याचा १९५३ मध्ये पुन्हा जन्म झाला, हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी म्हणून. १९७८ पासून तिचं नाव हिंदुस्थान प्रीफॅब. स्वतंत्र भारताने रेडिमेड भिंतीचं स्वप्न बघितलं ते असं ठेचकाळत.

आपल्या मराठी मुलुखात हे स्वप्न चिकाटीने पुढे नेलं ते बी. जी. शिर्के यांनी. वाईजवळच्या पसरणीचा माणूस. १९७० च्या दशकात त्यांनी स्वीडनचं तंत्र आणून पुण्यात मुंढव्याला सिपोरेक्सचा कारखाना घातला. सिपोरेक्स म्हणजे वाफेत शिजवलेलं, आत बारीक बुडबुडे असलेलं हलकं काँक्रीट. खांब, तुळया, स्लॅब कारखान्यात ओतायचे आणि जागेवर जोडायचे, या पद्धतीने त्यांच्या कंपनीने म्हाडाची हजारो घरं बांधली. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी वेळेत उभं राहिलं तेही त्यांच्याच हातून. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपले कितीतरी चाकरमानी चाळीतून स्वतःच्या ब्लॉकमध्ये गेले ते या घाईने बांधता येणाऱ्या घरांमुळे, हे मान्यच केलं पाहिजे. आज सिडको लाखाच्या हिशोबात घरांचं बोलते तेही याच तंत्रावर. बामणडोंगरीला २०२२ मध्ये ९६ दिवसांत ९६ घरं उभी केली. चिऱ्याची एक पडवी बांधायला आमच्याकडे मेस्त्री दोन हंगाम लावतो!

पण कारखान्यात सगळं मापात होतं, सांधा मात्र जागेवर होतो. उंचावर, वाऱ्यात, घाईत, आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडून. रेडिमेड घरांचा जगभरचा इतिहास बघितला तर दुखणं पाटीत कमी आणि सांध्यात जास्त.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप बेचिराख होता. फ्रान्समध्ये रेमाँ कामू या इंजिनिअरने खोलीएवढ्या काँक्रीट पाट्यांची पद्धत काढली. सोव्हिएत रशियाने ख्रुश्चेव्हच्या काळात तसल्याच पाट्यांची शहरंच्या शहरं उभी केली. तिकडे आजही दोरीवर लटकून पाट्यांमधले सांधे परत भरणं हा एक वेगळा धंदा आहे. ताईच्या इमारतीला लटकलेला माणूस तिथे हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी दिसतो.

आणि लंडनचा रोनन पॉइंट. २२ मजली, डेन्मार्कच्या लार्सन-निल्सन पद्धतीने पाट्या रचून बांधलेला. १६ मे १९६८ ची पहाट. अठराव्या मजल्यावर एका बाईने चहासाठी काडी ओढली, गळलेल्या गॅसचा स्फोट झाला, बाहेरची पाटी उडाली आणि इमारतीचा अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसं गेली. लोक राहायला येऊन काही महिनेही झाले नव्हते. कोपरा पुन्हा बांधून इमारत वापरात ठेवली. पण १९८६ मध्ये ती एकेक पाटी सुटी करून उतरवली, तेव्हा सांध्यांत मसाल्याच्या जागी पोकळी आणि वर्तमानपत्राचे बोळे सापडले. मी पेपरवाला माणूस. आपला पेपर कुठे कुठे वापरतात ते मला माहीत आहे, पण हे वाचून अंगावर काटा आला. तो ताकदीचा सांधा होता, पाण्याचा नव्हे, हे खरं. पण वृत्ती तीच. झाकलं की दिसत नाही.

आता पाण्याचं शास्त्र. तेही आपल्यासारख्याच पावसाळी मुलुखातून आलं, नॉर्वेच्या किनाऱ्यावरून. तिकडे शेतकऱ्यांची लाकडी कोठारं असतात, बाहेरच्या फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या. आडवा पाऊस फळ्या झेलतात, मागे हवा खेळते, आतलं कोरडं राहतं. म्हणजे आपला झापच. नॉर्वेच्या इमारत संशोधन संस्थेतल्या बिर्केलांड यांनी १९६२ मध्ये हे तत्त्व शास्त्रशुद्ध मांडलं, आणि पुढच्याच वर्षी कॅनडाच्या गार्डन यांनी त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं साधं आहे. भिंतीतून पाणी आत जायला तीन गोष्टी लागतात : पाणी, भोक, आणि पाण्याला आत ढकलणारा जोर. पाऊस आपण थांबवू शकत नाही. भोक कायमचं बुजवू शकत नाही. मग जोर काढून घ्या.

जोर पाच प्रकारचे. एक, पाण्याचं स्वतःचं वजन. दोन, वाऱ्याबरोबर थेंबाला आलेला वेग. तीन, पाण्याची पृष्ठभागाला चिकटून कडेवरून आत वळायची खोड. चार, बारीक फटीत आपोआप चढणं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. पाच, हवेचा दाब. वारा भिंतीवर आपटतो तेव्हा बाहेर दाब जास्त, घरात कमी, आणि हा फरक फटीतलं पाणी शोषून आत ओढतो. उंच इमारतीत हा पाचवा फार मोठा. म्हणून ताईकडे गळतं आणि तिच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर गळत नाही.

यावर तोडगा म्हणजे दोन टप्प्यांचा सांधा. बाहेर एक पडदा, पाऊस झेलणारा. त्याच्या मागे मोकळी खाच, जिच्यात बाहेरची हवा येते-जाते, म्हणून तिथला दाब बाहेरच्याएवढाच होतो आणि पाणी ओढलं जात नाही. आत शिरलेले थेंब खाचेतून उतरतात आणि ठराविक अंतरावर ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतात. हवा अडवणारं खरं सील सगळ्यात आत, ऊनपाण्यापासून लांब. आडव्या सांध्यात खालच्या पाटीला चार बोटं उंच ओठ असतो आणि वरची पाटी त्याच्यावरून खाली उतरते. मंगलोरी कौलच उभं केलंय म्हणा ना.

पण अनेक इमारतींत सगळा भरवसा एकाच गोष्टीवर असतो : बाहेरून भरलेलं रबरासारखं सीलंट. यातलं पॉलिसल्फाइड १९२० च्या दशकात अमेरिकेत योगायोगाने सापडलं, नंतर सिलिकॉन, पॉलियुरेथेन आली. वस्तू चांगल्या आहेत, आपल्याकडे पॉलिसल्फाइडसाठी आय.एस. १२११८ हे मानकही आहे. पण त्यांना त्यांचं गणित पाळावं लागतं. काँक्रीट उन्हाने वाढतं. मीटरला, एका अंशाला साधारण एक शतांश मिलिमीटर. चार मीटरची पाटी, थंडीच्या पहाटेपासून वैशाखाच्या दुपारपर्यंत पृष्ठभागाच्या तापमानात तीस अंशांचा फरक धरा. सव्वा मिलिमीटर हालचाल झाली. सांधा वीस मिलिमीटर रुंद असेल तर सीलंट हसत हसत ताणतं. पण बसवताना पाटी सरकली आणि फट पाच मिलिमीटरचीच राहिली, तर तीच हालचाल पाव हिस्सा झाली, आणि कितीतरी सीलंटची सहनशक्ती तिथेच संपते. मग एक बाजू सुटते. केसाएवढी. वातीला तेवढी पुरे.

आणखी तीन नियम, सोसायटीवाल्यांनी लिहून ठेवा. सीलंटच्या मागे फोमची दोरी हवी, म्हणजे ते दोनच कडांना चिकटतं. तळालाही चिकटलं तर ताणता येत नाही, फाटतं. खोली रुंदीच्या साधारण निम्मी हवी, ठासून भरायचं नसतं. आणि कडा कोरड्या, धूळ झाडलेल्या हव्यात. ओल्या भिंतीवर पावसाळ्यात केलेलं काम म्हणजे पैसे पागोळीखाली धरणं. सिमेंटचा लेप तर सांध्यावर कधीच नको, तो पहिल्या उन्हाळ्यात तडकतो. चांगलं सीलंटसुद्धा दहा-वीस वर्षांचं सोबती. म्हणजे अशा इमारतीत कौलं चाळायचं काम असतंच, फक्त ते अकराव्या मजल्यावर असतं आणि त्यासाठी पैसे आधीपासून बाजूला ठेवावे लागतात.

तर ताईचं काय झालं? भाच्याला मी म्हटलं, पाऊस उघडेल त्या दिवशी नळी घे, खालून सुरुवात कर. एक सांधा दहा-पंधरा मिनिटं भिजव, आत बघ, मग वरचा. वरून सुरू केलंस तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. गच्चीतून आणि जिन्याच्या खिडकीतून जमेल तेवढं त्याने केलं. डागाच्या समोरचा सांधा भिजवला, आत काही नाही. वरच्या मजल्याचा उभा सांधा भिजवला आणि थोड्या वेळाने डाग गडद व्हायला लागला. मग त्याला जिन्याच्या खिडकीतून हात पोचेल अशा जागी, दोन पाट्यांच्या कोपऱ्याशी, पांढऱ्या सिमेंटचा एक गोळा दिसला. स्क्रू-ड्रायव्हरने उकरला. आतून पाणी आलं. धारच लागली म्हणाला, कपभर तरी असेल.

ते भोक पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेलं होतं! गळती बंद करायला आलेल्या माणसाने ते गळतीचं भोक समजून बुजवलं. पाणी आत शिरायचं कुठून तरी शिरतच होतं. त्याची परतीची वाट बंद झाली, म्हणून ते ताईच्या खोलीत आलं.

मला ते म्हातारे मेस्त्री आठवले. तेका वाट दी.

भोक मोकळं केल्यावर डाग कमी झालाय, गेलेला नाही. वरचा सांधा सुटलेला आहे, त्याचं काम दिवाळीनंतर भिंती सुकल्यावरच होईल. पण मधे एक कायद्याची गोष्ट आहे आणि तीच मुख्य. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून देणं बांधणाऱ्याची जबाबदारी आहे. ताईच्या इमारतीला चार वर्षं होऊन गेली. सोसायटीत अजून कोणी लेखी पत्रच दिलेलं नव्हतं. सगळे वर्गणी काढून रंगारी बोलावत होते! काही जण म्हणत होते, लिहून दिलं तर फ्लॅटचे भाव पडतील. गेल्या रविवारी मी इथून पत्राचा मसुदा करून पाठवला. फोटो तारखेसह, नळीच्या चाचणीची नोंद, कुठल्या मजल्यावर कुठला सांधा याचा तक्ता. सभेत दीड तास भांडण झालं म्हणे. शेवटी एकोणतीस घरांनी सह्या केल्या.

आता हे बांद्यात बसून मी का लिहितोय? कारण रेडिमेड भिंत आपल्या दारात आली आहे. कंपाउंडच्या पाट्या तर हायवेला जागोजागी दिसतात. उद्या शाळेच्या खोल्या, दवाखाने, घरकुलं याच पद्धतीने येतील, आणि वेळ-पैसा वाचत असेल तर यावीतही. माझा विरोध नाही. पण ग्रामसभेत, टेंडर निघायच्या आधी, तीन प्रश्न विचारा. सांध्याचं ड्रॉइंग दाखवा, पाणी आत शिरलं तर बाहेर कुठून जाणार? एक सांधा जमिनीवर तयार करून आमच्यासमोर पाण्याचा फवारा मारणार का? आणि दहा वर्षांनी सीलंट बदलायचे पैसे कुठल्या खात्यातून येणार? आय.एस. १५९१६ हे प्रीकास्ट बांधकामाचं भारतीय मानक आहे. इंजिनिअरला नुसतं त्याचं नाव घेतलंत तरी तो खुर्चीत सरळ बसेल.

आणि छप्पर पुढे काढायला सांगा. खिडकीवर नुसती दोन इंचांची पट्टी ठेवून कोकणात इमारत उभी करणाऱ्याने एकदा जुलैत आमच्या पडवीत येऊन बसावं. चहा देईन.

तुमच्या कोणाच्या घरी, मुंबईत किंवा गावात, असा डाग असेल तर ताबा मिळाल्याची तारीख आधी बघा. पाच वर्षं व्हायची असतील तर आजच पत्र लिहा. मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, ताईच्या सोसायटीचा आहे तोच पाठवतो, नावं काढून.

लाईट गेली. आता थांबतो.